तुटलेला बोल्ट काढताना: आधी तो का तुटला ते बघा

दसऱ्याच्या आधीचा पंधरवडा म्हणजे आमच्याकडे कोल्हापुरात बोल्ट तुटायचा सीझन. चार महिने पावसात भिजलेली गाडी खंडेनवमीच्या पूजेला चकाचक पाहिजे, म्हणून जो तो घरीच पाना घेऊन बसतो आणि संध्याकाळी कुणीतरी दारात येऊन मुठीतलं बोल्टाचं डोकं दाखवतो. उरलेला बोल्ट गाडीत. आपल्याकडे पाऊस दांडगा, त्यात २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या आट्यांत बसलेला गाळ वरून कितीही धुतला तरी निघत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त असतात मोटारसायकलचे सायलेन्सरचे स्टड (डोकं नसलेले, वर नट चढवायचे बोल्ट), त्याखालोखाल इंजिनच्या साइड कव्हरचे बोल्ट. खाली जे लिहिलंय ते या दोघांना धरून आहे, पण चारचाकीलाही क्रम हाच. आणि बहुतेकांचं घोडं जिथं अडतं ती जागाही एकच: बोल्ट तुटला की लोक लगेच विचारतात, "इझी आऊट कुठं मिळेल?" म्हणजे तुटलेल्या बोल्टात भोक पाडून तो उलटा फिरवत काढायचं पेचदार हत्यार. तो प्रश्न खूप पुढचा आहे. बोल्ट कशामुळे तुटला हे कळलं तर निम्म्या वेळा ड्रिल लागतही नाही.

लक्षणं

तुटायच्या आधी बोल्ट सांगत असतो. पाना फिरवताना करकर आवाज येतोय, धक्क्याधक्क्याने फिरतोय, म्हणजे आट्यांत गंज चिरडला जातोय. इथं थांबलात तर अजून काही बिघडलेलं नाही.

दुसरं लक्षण जास्त धोक्याचं. पाना आधी घट्ट लागतो, मग एकदम मऊ पडतो. फिरतो तर आहे, पण बोल्ट बाहेर येत नाही. त्या वेळी आटे सुटत नसतात, बोल्टाचा दांडा पिळला जात असतो. आणखी पाव फेरा दिला की डोकं हातात.

गाडी सकाळी थंड असताना चालू केली की हेडपाशी (इंजिनच्या वरच्या भागापाशी) फटफट किंवा टिकटिक आवाज, इंजिन तापल्यावर तो कमी होतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी: यात स्टड बऱ्याचदा आधीच तुटून पडलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. वाकून बघा, नट दोन आहेत का एकच.

चौथं म्हणजे बोल्ट आवळतोय, आवळतोय, पण घट्टच होत नाही. हा तुटलेला बोल्ट नाही, आटे गेलेत. त्याचा इलाज वेगळा, तो शेवटाकडे सांगतो.

फुकटातली तपासणी: तुटलेलं तोंड

हत्यार उचलायच्या आधी मोबाईलची बॅटरी लावा आणि तुटलेल्या तोंडाकडे नीट बघा. हातातल्या तुकड्याचं तोंड बघितलं तरी चालतं. शक्यतो भिंग घ्या.

सगळं तोंड ताजं, राखाडी, चमकतंय आणि कडेला पीळ पडल्यासारखं गोल गोल दिसतंय, तर तो आत्ता तुमच्या हातून पिळून तुटला. मग स्वतःला विचारा, आवळताना तुटला की सोडवताना? यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आवळताना तुटला असेल तर आटे मोकळे आहेत. बोल्ट घट्ट बसतो तो डोकं आणि आटे यांच्यामध्ये दांडा ताणला जातो म्हणून. डोकं उडालं की तो ताण गेला, आतला तुकडा नुसता बसून आहे. तो कित्येकदा बोटाच्या जोराने फिरतो. सोडवताना तुटला असेल तर मात्र तो आट्यांच्या अख्ख्या लांबीत जाम आहे. अखंड डोक्याला दाद दिली नाही तो भोकात अडकवलेल्या बारक्या हत्याराला देणार नाही.

अर्धं तोंड तपकिरी किंवा काळं आणि उरलेलं ताजं दिसलं तर तडा जुना होता. हादऱ्यांनी रोज थोडा थोडा वाढत गेला आणि शेवटचा भाग आज सुटला. असा बोल्ट सहसा फार जाम नसतो, पण तो काढून नवा टाकल्यावर काम संपलं असं समजू नका. सायलेन्सरचा मागचा ब्रॅकेट हलवून बघा. मागचा बोल्ट ढिला किंवा गायब असेल तर सायलेन्सरचं सगळं वजन पुढच्या दोन बारक्या स्टडवर लोंबकळत राहतं. ज्यांचा स्टड दर वर्षी तुटतो त्यांनी आधी इथंच बघावं.

चौथी शक्यता साइड कव्हरची. क्लच कव्हरचे सगळे बोल्ट सारखे दिसतात, पण लांबी वेगळी असते. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की त्याचं टोक तळाला टेकतं, कव्हर मात्र ढिलंच राहतं. म्हणून माणूस आणखी आवळतो. मग एक तर बोल्ट तुटतो नाही तर केसिंगला तडा जातो. हातातला तुकडा शेजारच्या बोल्टाशी मापून बघा. टोक तळाला रुतलेलं असेल तर तुकडा तिथं अडकून आहे, आट्यांत नाही. मधोमध थोडं ड्रिल केलं तरी तो ढिला पडतो. कव्हर उघडताना पुठ्ठ्यावर कव्हराचं चित्र काढून ज्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवा, हा प्रश्नच उरत नाही.

दहाच्या बोल्टाचा घोळ

आपण बोल्टाला पान्याच्या नंबरने हाक मारतो. दहाचा बोल्ट म्हणजे डोकं १० मिमी, पण आटे असतात फक्त ६ मिमीचे. बाराचा किंवा तेराचा म्हणजे ८ मिमी आटे. दुचाकीवर सगळ्यात जास्त बोल्ट दहाचे आणि सगळ्यात जास्त तुटतातही तेच, कारण हाताला दहा वाटतात आणि मध्ये सहाच असतात.

६ मिमीच्या बोल्टाला साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर आवळण पुरते. १५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला सात-आठ किलोचा जोर दिला की तेवढी होते. पाना ३० सेंटीमीटरचा असेल तर त्याच्या निम्माच जोर लागतो, म्हणजे नुसत्या मनगटाचं काम. त्यावर कुणी पाइप अडकवून अंगाचा भार टाकला तर बोल्टाने तरी काय करायचं? ८ मिमीला बावीस ते पंचवीसच्या आसपास. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच खरा.

पहिला उपाय: तेल, टोले आणि रात्रभर वाट

वायर ब्रशने आजूबाजूचा गंज आणि गाळ काढा. गाळ तसाच ठेवून तेल मारलं तर तेल वरच्यावर राहतं. मग गंज सोडवणारं तेल मारा. डब्ल्यूडी-४० चालतं, पण खास आट्यांत मुरणारं पेनिट्रेटिंग ऑइल मिळत असेल तर ते घ्या. काहीच नसेल तर डिझेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं हेही चांगलं काम करतं, फक्त ॲसिटोनने रंग उतरतो, प्लास्टिक विरघळतं आणि ते पेटतंही चटकन.

तेल मारून लगेच पाना लावू नका. मारा, पितळी दांडा टेकवून हातोडीचे हलके टोले द्या, सोडून द्या. झोपायच्या आधी पुन्हा मारा. टोले कशासाठी? गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आट्यांच्या फटीत ठासून बसलेला असतो. टोल्याने त्याला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. टोले बोल्टावर द्या, ॲल्युमिनियमवर नको.

सकाळी पाना लावताना आधी किंचित आवळायच्या बाजूला जोर द्या. केसभर हलला की सोडवायच्या बाजूला, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. करकर वाढली की मागे फिरा आणि तेल मारा. एका दमात सोडवायच्या नादात चांगले बोल्ट तुटतात.

बाहेर थोडा दांडा उरला असेल तर

हा नशीबवान माणूस. पाच-सात मिलिमीटर बाहेर असेल आणि आटे शाबूत असतील तर दोन नट चढवा, एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून फिरवा. आटे खराब असतील तर लॉकिंग प्लायर लावा, म्हणजे ती चावून बसणारी पक्कड. साधी पक्कड घसरते आणि दांडा गोल करते, मग लॉकिंग प्लायरलाही धरायला काही उरत नाही. दांडा जाड असेल तर हॅकसॉने वर खाच पाडून मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवता येतो. ६ मिमीवर मात्र खाच पाडू नका, दोन्ही कान मोडतात.

सपाट किंवा आत तुटला असेल, पण जाम नसेल तर

आवळताना तुटलेल्या बोल्टासाठी ही पद्धत, आणि माझी सगळ्यात आवडती, कारण खर्च शून्य. टोकदार सेंटर पंच किंवा जुना स्क्रायबर घ्या. तुटलेल्या तोंडाच्या कडेपाशी, मधोमध नाही, तिरपा टेकवा आणि सोडवायच्या दिशेने हातोडीचे टिचकीएवढे टोले द्या. पहिले दोन-चार टोले नुसती खोच पाडतात. मग टॉर्चच्या उजेडात बघितलं तर तोंडावरचा एखादा चकाकणारा कण जागा सोडून सरकलेला दिसतो. तो सरकला की समजा काम झालं. पुढं कधी कधी सुईने ढकललं तरी तुकडा फिरत वर येतो. दहा-बारा टोल्यांत हलला नाही तर जोर वाढवू नका, तुमचं निदान चुकलंय. तो जाम आहे.

जाम असेल तर उष्णता

ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा. सगळं एकत्र तापलं तरी भोक स्टडपेक्षा जास्त मोठं होतं. म्हणून सायलेन्सरचे नट सोडवायचे असतील तर गाडी चालण्यासारखी असेल तर रंकाळ्याला एक फेरी मारून या, इंजिन बंद करा आणि हातमोजे घालून गरम असतानाच पाना लावा. तुटलेल्या तुकड्यासाठी हॉट एअर गन. बोल्टाच्या भोवतालचं धातू तापवा, थुंकी टाकल्यावर चुर्र होईल इतपत. मग मेणबत्तीचं टोक बोल्टाच्या कडेला लावा. मेण वितळतं, कडेला चकचकीत कडं दिसतं आणि बघता बघता ते कडं आत ओढलं जाऊन नाहीसं होतं. मेण आत गेलं याचा अर्थ फट आहे. दोन-तीनदा करा, मग फिरवा.

गॅसची ज्योत वापरणार असाल तर नीट ऐका. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं आणि वितळायच्या आधी लोखंडासारखं लाल होऊन दाखवत नाही. पांढरं दिसतंय दिसतंय म्हणेपर्यंत कोपरा गळून पडतो. आणि आधी मारलेलं तेल, ॲसिटोन, ब्रेक क्लीनर पूर्ण पुसल्याशिवाय ज्योत जवळ आणायची नाही. क्लोरिन असलेला ब्रेक क्लीनर तापला की त्यातून विषारी वायू निघतो. पेट्रोलची टाकी काढून बाजूला ठेवा. ऑइल सील, रबरी नळ्या शेजारी असतील तर ज्योतीचा नादच सोडा.

वेल्डिंगवाला: ड्रिलच्या आधी याच्याकडे

बरेच जण वेल्डिंग शेवटी ठेवतात. मी ते ड्रिलच्या आधी ठेवतो, कारण आपल्याकडे चांगला वेल्डर शोधायला लांब जावं लागत नाही आणि ही पद्धत आट्यांना हात लावत नाही. तुटलेल्या तोंडावर नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून तुकड्याला वेल्ड मारायचा. पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे तुकडा किंचित आत असला तरी जमतं. खरं काम उष्णतेचं. बोल्ट लालबुंद होऊन भोकातच फुगायला बघतो, जागा नसते म्हणून गंज चिरडतो आणि थंड होताना पुन्हा आकसतो. लाली गेली की मिनिटभर थांबून, कोमट असतानाच, नटाला पाना लावून पुढं-मागं हलवायचं. पहिल्या वेल्डला नट तुटून निघाला तर घाबरू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निघतो. प्रत्येक वेल्डबरोबर गंज आणखी ढिला होत असतो.

वेल्डरकडे जाताना बॅटरीची वायर काढा. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे २०२० च्या एप्रिलनंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत आणि त्याआधीच्याही काही गाड्यांत, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कप्लरही काढून ठेवा. अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेजवळच लावायला सांगा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. जस्ताचा मुलामा असलेला नट आधी घासून घ्या. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी ताप भरतो.

ड्रिल

इथून पुढं चूक झाली तर ती हेडला लागते. नवा स्टड किरकोळ पैशाचा, हेड तसं नाही.

घरी ड्रिल करताना एकच गोष्ट बिघडते: बिट मधोमध राहत नाही. बोल्ट कडक, भोवतालचं ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे बिट घसरत घसरत मऊ बाजूला जातं आणि आटे खातं. म्हणून ओबडधोबड तोंड आधी बारीक कानसने किंवा ग्राइंडरच्या दगडाने सपाट करायचं, मग सेंटर पंच. पंचाची खूण मध्यावर आहे का हे दोन बाजूंनी बघा. सरकली असेल तर पंच तिरका धरून ती ओढून आणता येते. एकदा ड्रिल सुरू झालं की मग काही ओढता येत नाही.

बोल्ट आत तुटला असेल आणि वर दोन-तीन आटे मोकळे असतील तर उद्यमनगरात कुठल्याही टर्नरकडे जा आणि त्याच मापाच्या बोल्टाला लेथवर मधोमध ३ मिमीचं आरपार भोक पाडून घ्या. तो बोल्ट भोकात हाताने बसवायचा आणि त्याच्या पोटातून ड्रिल चालवायचं. बिट घसरायला जागाच राहत नाही. सायलेन्सरच्या स्टडसाठी असाच एक बुश (पोकळ नळी) फ्लँजच्या, म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाच्या पट्टीच्या, भोकात बसेल असा करून घेतला तर फ्लँज स्वतःच मार्गदर्शक होतं. टर्नरला हे पाच मिनिटांचं काम, आणि तुमचं अख्खं हेड वाचतं. अशा सोयीच्या गावात राहून अंदाजाने ड्रिल मारणं मला पटत नाही.

बिट नवं, एचएसएस (हाय स्पीड स्टील). बोल्टाच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा ८.८ लिहिलेला असेल तर एचएसएस पुरतं, १०.९ किंवा १२.९ असेल तर कोबाल्टचं घ्या. ड्रिल सावकाश चालवा, दाब ठेवा, तेलाचे थेंब सोडत राहा. लांब कुरळी चीप, म्हणजे धातूची साल, निघाली पाहिजे. भुकटी निघतेय किंवा चीप निळी पडतेय, म्हणजे वेग जास्त आणि बिट बोथट. उलट दिशेने कापणारं, डावं ड्रिल बिट मिळालं तर फार उत्तम. ड्रिल रिव्हर्समध्ये चालवायचं. भोक पडता पडता उष्णता आणि ओढ यांनी तुकडा स्वतःच बाहेर येतो. साध्या हार्डवेअरच्या दुकानात ते मिळेलच असं नाही, कटिंग टूलच्या दुकानात विचारा.

सायलेन्सरच्या जागी ड्रिल करताना पिस्टन कम्प्रेशनच्या टोकाला आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील, आणि पोर्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर पडायच्या भोकात, कापडाचा बोळा कोंबा. चीप सिलिंडरमध्ये गेली तर बोल्टाचं दुखणं इंजिनवर जाईल. डोळ्यांवर गॉगल. आडवं पडून वर बघत ड्रिल करताना तर नक्कीच.

इझी आऊट

आता आला तो प्रसिद्ध इझी आऊट. दुकानातला स्वस्त, पेचदार, निमुळता. ६ मिमीच्या बोल्टात ३ मिमीचं भोक पाडून तो उलटा फिरवत ठोकायचा असतो. अडचण अशी की तो निमुळता असल्याने आत जाताना बोल्टाची भिंत बाहेर दाबतो, म्हणजे जाम बोल्ट आणखी जाम करतो. शिवाय तो अतिशय कडक आणि म्हणूनच ठिसूळ. पिळवटत नाही, थेट काचेसारखा तुटतो. तुटला की आत जे उरतं ते तुमच्या बिटापेक्षा कडक असतं. त्यावर साधं ड्रिल चालत नाही.

माझा नियम: इझी आऊट फक्त त्याच बोल्टाला जो जाम नाही, पण इतका आत आहे की पंच पोचत नाही. दोन बोटांच्या जोराने फिरला तर ठीक, नाहीतर काढून घ्या. टी हँडलला दोन्ही हात लागताहेत असं दिसलं की थांबायची वेळ झाली.

जाम बोल्टाला त्यापेक्षा पूर्ण पोखरून काढणं बरं. ३, मग ४, मग ५ मिमी. ६ मिमीच्या आट्यांसाठी टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) आधीचं भोक ५ मिमीचंच असतं, त्यामुळे भोक मधोमध असेल तर बोल्टाचा गाभा संपतो आणि आट्यांत फक्त स्प्रिंगसारखी तार उरते. ती टोकदार स्क्रायबरने उचकटून पकडीने ओढली की गुंडाळी होऊन बाहेर येते. ८ मिमीसाठी (१.२५ पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर) हे माप ६.८ मिमी. नंतर टॅप फिरवून आटे साफ करायचे. अर्धा फेरा पुढं, पाव मागं, आणि ॲल्युमिनियमला डिझेलचे थेंब.

आटेच गेले असतील तर

यात लाजायचं कारण नाही. हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवून मूळ मापाचे आटे परत मिळतात, आणि नीट बसवली तर ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत. किंवा आपल्याकडची जुनी पद्धत, बुश मारून घेणे. स्टडचं माप एक नंबर वाढवून मोठे आटे मारायचा सल्ला मिळेल. सायलेन्सरच्या जागी भिंत पातळ असते, तिथं तो घेऊ नका. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा एम-सील भरून बोल्ट बसवणाऱ्यांना काय सांगणार! सायलेन्सरच्या उष्णतेपुढं त्यातलं काही टिकत नाही.

इथं थांबा

ब्रेक कॅलिपर, ॲक्सल, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीट बेल्ट यांचे बोल्ट घरी पोखरायचे नाहीत. तिथला बोल्ट निघेलही, पण नंतर तो भार घेईल का हे घरी कळत नाही. चारचाकीत हेडजवळ पाण्याचा किंवा ऑइलचा मार्ग शेजारून जात असेल, किंवा टायमिंग चेनच्या बाजूचा बोल्ट असेल तर गॅरेज. गाडी वॉरंटीत असेल तर पानाही न लावता सर्व्हिस सेंटर. भोक तिरकं गेलेलं दिसलं तर त्याच क्षणी ड्रिल खाली ठेवा. तिरकं भोक मशीनवर सरळ करता येतं, पण उरलेली भिंत जेवढी जाड तेवढीच शक्यता.

आणि इझी आऊट किंवा टॅप आत तुटला असेल तर थेट मशीन शॉप. डाय बनवणाऱ्या टूलरूममध्ये स्पार्क मशीन असतं. ते ठिणग्यांनी कडक पोलाद झिजवतं, आटे तसेच राहतात. शिरोली, गोकुळ शिरगावकडे चौकशी केली तर असं काम करणारे सापडतात. हेड उतरवून न्यावं लागतं. ओळखीच्या एका टर्नरचं म्हणणं मी सगळ्यांना सांगतो: "मालक, आत काय तुटलंय ते आधी सांगायचं. बोल्ट म्हणून आणता आन् आत टॅप निघतो, माझी बिटं जात्यात." लपवू नका. मशीन त्यावरच ठरतं.

एक जुना तोडगा तुरटीचा. नुसत्या ॲल्युमिनियमच्या कव्हरात पोलादी तुकडा अडकला असेल तर ते कव्हर तुरटीच्या गरम, दाट पाण्यात ठेवायचं. तुरटी पोलाद हळूहळू खाते, ॲल्युमिनियमला फारसा हात लावत नाही. तास-तास लागतात आणि कव्हर काळवंडतं. हेडला हे करू नका, त्यात व्हॉल्व्ह सीट, गाइड असं बरंच काही तुरटीला खाण्यासारखं असतं.

परत बसवताना

जुना स्टड पुन्हा वापरू नका. दुसरा वरून चांगला दिसत असला तरी जोडीने बदला, दोघांनी सारखाच पाऊस खाल्लाय. आटे टॅपने साफ करा, फुंकर किंवा हवा मारा. तळाला तेल किंवा गाळ साचला असेल तर स्टड तळाला टेकतो. हेडमध्ये जाणाऱ्या आट्यांना थोडं कॉपर ग्रीस, सायलेन्सरला नवीन गॅस्केट, आणि जमल्यास पितळी नट. पितळ पोलादावर गंजून चिकटत नाही आणि पुढच्या वेळी झिजलं तर नट झिजतो, स्टड वाचतो. ग्रीस लावलं की आवळण थोडी कमी ठेवा, कारण घसरगुंडीमुळे तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

पहिले तीन-चार फेरे बोटांनी. बोटांनी जात नसेल तर पाना लावायचा नाही, आटा चढलाय. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, मागचा ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. दोन-चार दिवस गाडी चालवून झाली की इंजिन थंड असताना दोन्ही नटांना एकदा पाना लावून बघा. गॅस्केट बसतं तेव्हा ते पाव फेरा तरी घेतात.